घटी बसलेला फोन

"हात लावायचा नाही," असं भगवंतनं गजराबाईला सांगितलं, त्यामागं विज्ञान नव्हतं, भगर होती.

घटस्थापनेचा दिवस होता. सकाळपासून त्याच्या पोटात चहाशिवाय काही गेलं नव्हतं. बायकोचा, अश्विनीचा, फोन येऊन गेला होता. "भगर वाढलीय. शेंगदाण्याची आमटी गार झाली, तर तुमच्या त्या टच मोबाईलवर ठेवून गरम करून घ्या." भगवंतनं दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि तेवढ्यात शटरखालून वाकून गजराबाई आत आली. पदराखाली तिनं काहीतरी धरलं होतं, थंडीतून कोकरू आणावं तसं.

लोणी गावात भैरवनाथाच्या देवळासमोर भगवंतचं दुकान होतं. टच मोबाईल गावात नवेच आले होते. लोक यायचे, काचेच्या कपाटापुढं उभे राहायचे, "बटनं कुटं हायेत याची?" विचारायचे आणि बटनाचा जुना फोन खिशात चाचपून निघून जायचे. पहिला टच फोन घेतला तो गजराबाईनं. तिची लेक इंद्रायणी सुरतेला दिलेली. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी झालं नाही. नात तिकडंच जन्मली, आणि तिचा फोटो आता या फोनवर येणार होता. मेंढरं राखण्यात आयुष्य गेलेल्या बाईनं टच फोन घेतला, ही बातमी गावात दुकानाच्या पाटीपेक्षा मोठी झाली. भगवंतनं त्या भरवशावर दसऱ्यासाठी कपाट भरून फोन आणून ठेवले होते. दसऱ्याला नवी वस्तू घ्यायची ती गजराबाईच्या फोनकडं बघून, असं बऱ्याच जणांचं ठरलं होतं.

"भगवंता, बघ रं काय झालं ह्याला."

फोनच्या काचेवर एक हिरवा बाहुला उभा होता. त्याच्या पोटात चाक फिरत होतं. पायाशी निळी रेघ, अर्ध्यावर येऊन थांबलेली.

"काय दाबलं होतं मावशी?"

"दाबलं न्हाई. त्यानंच कायतरी इचारलं. मी हो म्हणलं. नवं माणूस घरात आलंय, त्याला पयल्या दिसापासून न्हाई कसं म्हणायचं?"

भगवंतनं निरखून बघितलं. अपडेट चालू होतं, एवढं त्याला कळलं. ते असं मध्येच का थांबलं, हे कळलं नाही. वारूळवाडीला तीन महिन्यांचा कोर्स केला, त्यात ह्या बाहुल्याची ओळख कुणी करून दिली नव्हती. पण दुकानदारानं "म्हायती न्हाई" म्हणायचं, तेही पहिल्या गिऱ्हाइकाला, तेही दसरा तोंडावर असताना? आणि तिकडं आमटीवर साय धरत होती.

"अपडेट चाललंय मावशी," तो गंभीर आवाजात म्हणाला. "म्हणजे आतला जुना जीव जाऊन नवा येतो. घरी न्या, चार्जिंगला लावा. हात लावायचा नाही."

"हलवायचा न्हाई?"

"अजिबात."

"इजवायचा न्हाई?"

"छे छे!"

"रोज बघायचा, पर शिवायचा न्हाई. आन् येळ झाली की त्याचा त्यो उटंल?"

"बरोब्बर!" भगवंतला वाटलं, इतकं शहाणं गिऱ्हाईक आपल्याला पुन्हा मिळणार नाही.

गजराबाईच्या चेहऱ्यावरची काळजी धुऊन निघाली. "असं व्हय. मग आधी सांगायचं की. ठावं हाय मला ते." आणि ती ठेक्यात चालत निघून गेली. भगवंत जेवायला गेला. भगर अजून कोमट होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं वारूळवाडीच्या ऋषीला फोन लावला. ऋषी त्याच्याबरोबर शिकलेला, आता तिथंच मोबाईल दुरुस्त करायचा.

"आरं येड्या," ऋषी हसला, "मागचं झाकण काढ, बॅटरी काढ, फडक्यानं पूस, परत घाल. झालं. ह्यात इचारायसारखं काय हाय?"

एवढंच! भगवंत हलका होऊन गजराबाईच्या घराकडं निघाला. लांबूनच त्याला गाणं ऐकू आलं. दारात चपलांचा ढीग होता. आत वाकून बघितलं आणि तो उंबऱ्यावरच थबकला.

देव्हाऱ्यात घट बसला होता. पत्रावळीवर काळी माती, मातीत पेरलेलं धान, त्यावर पाण्याचा कलश, वर पानं, नारळ. शेजारी समई. समईच्या दुसऱ्या अंगाला, नव्या खणावर, टच फोन. देव्हाऱ्याच्या बल्बसाठी भिमानानांनी, म्हणजे गजराबाईच्या नवऱ्यानं, तिथं एकच प्लग काढून घेतला होता; त्यात चार्जर. फोनच्या कडांना हळद, कडांना कुंकू. घटावर झेंडूची दुसरी माळ सोडलेली, तशीच बारकी माळ फोनवरही. आणि काचेत तो हिरवा बाहुला, पोटातलं चाक फिरवत, शांत.

"मावशी, हे काय?"

"तूच म्हणलास की. हलवायचा न्हाई, इजवायचा न्हाई, शिवायचा न्हाई. मग दुसरं काय असतंय ते? आमच्या देवबी आता बसल्यात. नऊ दीस त्यांनाबी आंगूळ न्हाई, हालवाहालव न्हाई."

"तसं नाही मावशी. मी जरा बघतो. मागचं झाकण..."

तो पुढं सरकला, तसा आठ-दहा बायकांनी एकदम श्वास आत ओढला. अंगणात दोरी वळत बसलेले भिमानाना तिथूनच म्हणाले, "पावणं, मेंढी अडली तरच हात घालायचा. ही अडलेली न्हाई. डोळं उघडं हायेत तिचं."

"अहो नाना, फोन आहे तो!"

"आन् तूच काल काय म्हणलास? आत नवा जीव येतोय म्हणलास का न्हाई?"

म्हणाला होता. भगवंतला आपली जीभ चावावीशी वाटली. आता जर म्हणावं, की मी काल उगाच बोललो, मला काहीच माहीत नव्हतं, जेवायचं होतं म्हणून तुला वाटेला लावलं, तर ह्या बायका घरी जाऊन काय सांगतील? आणि दसऱ्याला काचेच्या कपाटापुढं कोण उभं राहील?

"होऊ द्या निवांत," तो म्हणाला आणि हात जोडून बाहेर आला. काही बायकांना वाटलं, त्यानं फोनला नमस्कार केला.

मग दिवसांना जणू उतार मिळाला. लोणीत वीज जायची तशी गेली, आणि चार्जरचा लाल दिवा मालवला. समईत तेल घालता येतं, ह्यात काय घालायचं? भिमानाना धावत गेणभाऊंकडं गेले. गावात इन्व्हर्टर त्यांच्याकडंच होता. गेणभाऊ भला माणूस; त्यांनी इन्व्हर्टर, बॅटरीसकट, बैलगाडीत घालून आणला. पण त्यामुळं त्यांच्या घरचा टीव्ही संध्याकाळी बंद पडला आणि त्यांची बायको अंजना, हातातलं लाटणंही न ठेवता, गजराबाईच्या दारात आली.

"माझी शिरेल बुडवली का न्हाई! आज सुनेला सासूचा खरा चेहरा कळणार व्हता."

"ये, बस," गजराबाई म्हणाली. "हितं चेहऱ्याचीच वाट बघतोय."

अंजना बसली. बाहुल्याकडं बघत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "ह्याच्याबी गोष्टीत रोज कायच पुढं सरकत न्हाई. शिरेलीसारखंच हाय." आणि दुसऱ्या दिवसापासून सीरियलच्या वेळेला स्वतःहून येऊ लागली, शेजारणींना घेऊन.

आता निळी रेघ किती सरकली ह्यावर चर्चा व्हायला लागली. ती सरकत नव्हती, हे फक्त भगवंतला माहीत होतं. पण घटातलं धान रोज पिवळ्या-हिरव्या कोंबांनी वर येत होतं. कुणीतरी म्हणालं, "धान येतंय तशी रेघबी वाडतीय बगा," आणि मग सगळ्यांनाच ती वाढताना दिसू लागली. गेणभाऊंनी काडीनं माप घेतलं. कोंबांचं.

दुकानात गिऱ्हाईक यायचं, फोन हातात घ्यायचं, उलटापालटा करून परत ठेवायचं. "झ्याक हाय. पर आदी त्यो उटू द्या. दसऱ्याला बगू."

"आणि नाही उठला तर?" भगवंत एकदा घाबरत घाबरत बोलून गेला.

"मंग आमचं बटनाचंच बरं राव. ते बिचारं कंदी बसत न्हाई."

घरी अश्विनी कपाळाला हात लावायची. "खरं सांगून टाका की एकदाचं."

"कुणाला? सगळ्या गावाला?"

"मावशीला. तिच्या नातीचं तोंड अडकलंय त्यात. तुमचं कपाट नंतर."

हे मात्र भगवंतला लागलं. त्यानं इंद्रायणीला सुरतेला फोन केला आणि बाळाचा फोटो स्वतःच्या मोबाईलवर मागवून घेतला. फोटो आला. दुपट्यात गुंडाळलेलं, मुठी मिटलेलं, आणि डोक्यावर जावळ इतकं दाट की टोपी घातल्यासारखं. खिशात तो फोटो घेऊन तो पाचव्या माळेला गजराबाईकडं गेला. नैवेद्याची गडबड उरकली होती. गजराबाई जात्यावर थोडी डाळ भरडत होती आणि जात्याच्या घरघरीवर तिचं गाणं चाललं होतं:

"काचंच्या कवाडाला, न्हाई कडी न्हाई आगळ,
पल्याड नात माझी, दिसंना ग तिचं जावळ..."

भगवंत उंबऱ्यावर उभा. गाणं कानात शिरलं आणि तोंडातून निसटलं, "दाट आहे."

जातं थांबलं. "काय दाट हाय?"

"डाळ! डाळीचं वरण दाट होतं म्हटलं. भरडलेल्या."

गजराबाईनं त्याच्याकडं बघितलं. मेंढरांच्या हजार डोळ्यांतून दुखणाईत मेंढी हुडकणारी ती नजर. भगवंतनं खिशावर हात ठेवला.

"मावशी, इंद्रायणीनं माझ्या फोनवर फोटो धाडला तर? इथंच बघा. घटाला हात नाही, काही नाही."

"नगं."

"का पण?"

"आरं, लेकरू पयल्यांदा दारात येतं, तवा भाकरतुकडा ओवाळून टाकावा लागतो. मग तोंड बघायचं. तुझ्या फोनात ती तुझ्या दारात आली. तुझ्या दारातलं लेकरू मी कसं ओवाळू? ती माझ्या दारातनं येऊ दे." तिनं जात्याचा खुंटा पुन्हा धरला. "बाय नऊ म्हयनं वाट बघती. मला नऊ दिसांचं काय?"

भगवंत फोटो खिशातच घेऊन परत आला. दुकानात बसून त्यानं तो पुन्हा एकदा बघितला, आणि आपण आजीच्या आधी नातीचं तोंड बघून बसलोय ह्या विचारानं त्याला चोरी केल्यासारखं वाटलं. त्यानं मोबाईल उपडा ठेवला.

तरी त्यानं एक प्रयत्न करून बघितला. सातव्या माळेला तो स्वतःच झेंडूची माळ घेऊन गेला. मनात बेत असा, की माळ घालायच्या निमित्तानं वाकायचं, अंगठ्यानं मागचं झाकण सरकवायचं, बॅटरी उचकटायची आणि दाबायची. माळ घालायला तो वाकला. बोट कडेपर्यंत पोचलं. तेवढ्यात अंजना ओरडली, "थांबा! भगवंत भाऊ आलेत तर त्यांनाच इचारू. ह्याच्या पोटातलं चाक कशानं फिरतं हो?"

सगळी खोली त्याच्या उत्तरासाठी कान टवकारून बसली. भगवंत तसाच वाकलेला, बोट फोनला लागायच्या बेतात.

"आतल्या... सॉफ्टवेअरनं," तो म्हणाला.

"ते काय असतं? दिसतं?"

"दिसत नाही."

"हात लावता येतो?"

"नाही."

"आन् त्याच्याबगर समदं बंद?"

"समदं बंद."

अंजनानं शेजारणीकडं विजयी मुद्रेनं बघितलं. "बग! मी म्हणलं नव्हतं? देवच हाय." बायकांनी हात जोडले. भगवंतनं बोट मागं घेतलं. निघताना त्याला मानानं विडा देण्यात आला.

दसऱ्याची सकाळ उजाडली. दारोदारी झेंडूची तोरणं, ट्रॅक्टरला हार, विळ्या-कोयत्यांना कुंकू. भगवंतनं दुकान झाडलं, कपाट पुसलं, तोरण बांधलं. तोरण धरायला आलेल्या अश्विनीनं सहज विचारलं, "मावशीकडं आज घट उठणार. मग देवांचं काय करतात ओ त्यांच्यात?"

"काय करणार? नऊ दिवस बसलेले असतात. उठवतात, ताम्हनात घेतात, चिंचेनं घासतात, दुधा-पाण्यानं आंघोळ..."

वाक्य त्याच्या तोंडातच वाळलं. अश्विनीनं त्याच्याकडं बघितलं, त्यानं अश्विनीकडं. आणि भगवंत, पायात एकच चप्पल घालून, पळत सुटला.

देवळाला वळसा, गेणभाऊंच्या गोठ्यामागून, कुणाच्या तरी रांगोळीतून. "ओ भगवंत भाऊ, सोनं घ्या की!" म्हणत कुणी आपट्याची पानं पुढं केली, त्यानं ती न बघता घेतली आणि पळतच राहिला. गजराबाईच्या अंगणात अख्खी आळी जमली होती. दारातून दिसलं ते असं: पाटावर ताम्हन, ताम्हनात पाणी, पाण्यात लखलखीत घासलेले देवांचे टाक, आणि गजराबाईच्या हातात फोन.

"पाणी नको!" भगवंत किंचाळला. "मावशी, पाणी नको! मी सांगतो खरं! मला काय ठाऊक नव्हतं! मला भूक लागली होती!"

सगळ्या माना दाराकडं वळल्या.

गजराबाईनं शांतपणे त्याच्याकडं बघितलं. तिच्या हातात कोरडं सुती फडकं होतं. मांडीवर फोनचं मागचं झाकण होतं, आणि झाकणाशेजारी, नीट पुसून ठेवलेली, बॅटरी.

"ईज आन् पाणी येका जागी आणाय मी काय येडी हाय का?" ती म्हणाली. "सगळ्यांनी कुकू लावून लावून फटीत पार आत गेलं व्हतं. देवाला घासायचं, मग ह्याला निदान कोरडं पुसायचं का न्हाई? तू दुकानात चिप घालताना झाकण काडलंस, ते बघितलं व्हतं मी." तिनं बॅटरी उचलली, फुंकर मारली, जागेवर बसवली, झाकण दाबलं. टक्.

काच काळी होती. सगळे वाकले. भिमानानाही दोरी टाकून आत आले.

काच उजळली. बाहुला गेला होता. रंगीत चौकोन एकेक करत वर आले, धान उगवावं तसे. आणि मग फोन एकदा किणकिणला. पुन्हा किणकिणला. मग थांबेनाच. इंद्रायणी रोज एक फोटो पाठवत राहिली होती.

"भाकर आण," गजराबाई कुणाला तरी म्हणाली. भाकरीचा तुकडा आला, तांब्यात पाणी आलं. तिनं फोन भिमानानांच्या हातात उंबऱ्यापाशी धरायला दिला, तुकडा ओवाळला, पाणी ओवाळलं, दोन्ही दाराबाहेर टाकलं. मगच पदरानं डोळे पुसून तिनं फोटो उघडला. पहिल्या फोटोत मिटलेल्या मुठी. शेवटच्या फोटोत उघडलेले डोळे.

जात्याशिवायच, हळू आवाजात, तिच्या ओठांवर ओळ आली:

"कवाड उघाडलं, बाई माझ्या दसऱ्याला,
सोनं न्हाई मागत मी, नात आली हसायाला..."

मग तिनं मान वर केली. "जावळ दाट हाय रं भगवंता. तू म्हणला व्हतास तसंच."

भगवंतनं हातातली आपट्याची पानं तिच्या पायाशी ठेवली. "मावशी, चुकलं माझं. मला तेव्हा काहीच कळत नव्हतं."

"त्ये मला तवाच कळलं व्हतं."

"मग?"

"आरं, आमच्या भगताला दुखणं कळलं न्हाई की त्योबी असाच म्हणतो. हात लावायचा न्हाई, म्हणून अंगारा देतो आन् जेवाय जातो." बायका तोंडाला पदर लावून हसल्या. "पर आपन थांबतो. कदी कदी नुसतं थांबल्यानंबी बरं व्हतं. आन् घट त्या दिशी बसणारच व्हता. तेवड्यात त्योबी बसला. येकाला दोन झालं." तिनं घटातल्या कोवळ्या धानाची एक जुडी तोडून त्याच्या कानावर खोवली. "जा आता. दुकान उघडं टाकून आलास ना?"

दुकानापुढं गर्दी होती. भगवंत कानावर धान घेऊन, एका पायात चप्पल घालून, गल्ल्यावर पोचला तेव्हा गेणभाऊ सगळ्यांत पुढं होते. "मला येक द्या राव, मावशीसारखाच. पर येक सांगा. त्यो बसवायचा कंदी? पुडच्या नवरात्रात का आदी?" मागून दुसरा म्हणाला, "आमच्यात घट न्हाई बसत. चालंल का?" तिसऱ्याला फोन खणासकट हवा होता. भगवंत सगळ्यांना समजावत होता, की बसवायची गरज नाही, मागं झाकण असतं, बॅटरी असते. कुणी ऐकत नव्हतं. सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं.

मागोमाग गजराबाईही आली, फोन हातात उघडा धरून, जो भेटेल त्याला नात दाखवत.

दुपार कलायला आली. भगवंत पावत्या करत होता, आणि मध्येच दुकानातला कॉम्प्युटर निळा झाला. पडद्यावर बारीक पांढरे ठिपके गोल गोल फिरू लागले. खाली अक्षरं: अपडेट सुरू आहे, संगणक बंद करू नका.

भगवंतचा हात स्विचकडं गेला. आख्ख्या दुकानानं श्वास आत ओढला. गेणभाऊंनी हळूच पायातल्या चपला काढल्या. कुणीतरी दारावरच्या तोरणातलं एक झेंडूचं फूल तोडून पडद्यापुढं ठेवलं.

भगवंतनं ठिपक्यांकडं बघितलं, गर्दीकडं बघितलं, स्विचकडं बघितलं. घरी अश्विनीनं पुरणपोळी केली होती. तिचा वास इथवर येतोय असं वाटलं.

त्यानं हात मागं घेतला.

"हात लावायचा नाही," तो गंभीर आवाजात म्हणाला.

गजराबाई नातीवरची नजर न काढता गालात हसली. "जा," ती म्हणाली. "जेवून ये."